काळं माझ्याच अंगाचं

मी काशाची वाटी बोलतेय, आणि आज गोड बोलायच्या मनःस्थितीत मी नाही.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून अक्कलकोटच्या एका कासारानं मला घडवलं. पार्वतम्मा लग्न होऊन परंड्याला आल्या, तेव्हा माहेरच्या भांड्यांबरोबर मीही आले. माझ्यातून खीर-बीर कुणी फारशी खाल्ली नाही. माझं काम एकच. तळपायाला तूप लावायचं आणि माझ्या बुडानं घासायचं. पाय निवायचे, डोळे मिटायला लागायचे. हे काम मला चांगलं जमायचं, उगाच विनय कशाला!

घासता घासता तळवा काळा व्हायचा. की लगेच सगळे म्हणायचे, "बघा, वाटीनं उष्णता ओढली!" अहो, कसली उष्णता? तूप आणि घाम लागला की माझ्यातलं तांबं काळं पडतं. पैलवानाचा पाय घासा नाहीतर तापानं फणफणलेल्याचा, काळं येणारच. पण वाटीला विचारतो कोण?

गेल्या वर्षी पार्वतम्मा न्हाणीत घसरल्या. पाय टेकवेना, खुब्यात कळा यायला लागल्या. सून महेश्वरी म्हणाली, "अहो, अव्वांना धाराशिवला नेऊन हाडाचा फोटो काढू."

त्यांचा मुलगा मल्लिनाथ किराणा दुकानदार. गिऱ्हाइकाला मीठ देताना औषधही सांगणारा. तो म्हणाला, "मुका मार हाय. वाटीनं घासू, उष्णता निघंल."

मग रोज मला खुब्यावर घासायचे. म्हातारी कळवळायची आणि हा माझं बूड तिच्यापुढं धरून म्हणायचा, "अव्वा, बघ की किती निघायलीय!" मी ओरडून सांगणार तरी कशी? मला फक्त काळं पडता येतं, आणि तेच तर त्याला हवं होतं. महिना असाच गेला.

शेवटी पडून पडून पाठीला जखमा झाल्या, ताप चढला, तेव्हा कुठं धाराशिव आठवलं. हाड मोडलेलं होतं आणि महिनाभरात वेडंवाकडं जुळायला लागलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा मोकळं केलं, आत टायटॅनियमचा रॉड घातला. पाय वाचला, पण आखूड राहिला. तुळजापूरची पायरी चढणाऱ्या बाईला आता मोरीपर्यंत जायला वॉकर लागतो.

मल्लिनाथ मात्र दुकानात एक्स-रे मिरवतो. "टायटॅनियम हाय, उडत्या इमानाला वापरतेत! आधी वाटीनं उष्णता काढली म्हनून तर ऑपरेशन साधलं." हे ऐकून माझ्या तांब्याला कढ आला.

त्या रॉडचा मला आधी फार राग आला होता. मग विचार केला, त्याचं काय चुकलं? माझ्याएवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर तो जवळजवळ निम्म्या वजनाचा, आणि बळाला माझ्याहून सरस. घामाच्या थेंबानं मी डागाळते, आंबट लागलं की हिरवी पडते. तो रक्तामांसात वर्षानुवर्षं राहतो. अंगावर इतकी बारीक साय धरतो की गंज आत शिरत नाही, आणि हाड त्याला परका समजत नाही. मला आत ठेवलं असतं तर पायाची माती झाली असती. पण तळपाय घासायला तो काय कामाचा? माझ्यात हाताची ऊब झटकन उतरते, तो लवकर तापतच नाही. ज्याचं काम त्यानं करावं. एवढं कळायला काय डोक्याला टायटॅनियम लागतं?

परवा महेश्वरी माळ्यावरून डबा काढताना स्टुलावरून पडली. मनगट टम्म सुजलं, बोटं हलेनात. मल्लिनाथ तूप घेऊन बसला. "दोन दिस घासू, मग बघू." तिनं पदराचा बोळा दातांत धरला. माझ्या बुडाला काळं आलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बघ, निघायलीय!"

पार्वतम्मा वॉकर धरून उठल्या. "आण इकडं. म्या घासते."

त्यानं कौतुकानं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला डोक्यावर उचललं आणि सगळं बळ लावून शहाबादी फरशीवर आपटलं. तो रॉड असता तर नुसता उडाला असता. मी काशाची, ठिसूळ. खणकन वाजले आणि दोन तुकडे झाले.

"अव्वा! माहेरची वाटी व्हती की तुझी!"

"आता कशानं घासतूस?" त्या म्हणाल्या. "काढ गाडी. तिला धाराशिवला ने."

त्यानं गाडी काढली आणि महेश्वरीला घेऊन गेला.

माझे तुकडे आता खिडकीत पडलेत. कधीतरी मोडीत जाईन, भट्टीत वितळेन, पुन्हा कुणाची तरी वाटी होईन. तेव्हा माझ्याकडून तळपाय जरूर घासून घ्या. मोडलेल्या हाडावर मात्र मला फिरवू नका, कारण तिथंही मी काळीच पडेन आणि तुम्ही खूश व्हाल. इतक्या वर्षांत मला नीट ओळखलं ते एकट्या पार्वतम्मांनी, आणि तेही पाय आखूड झाल्यावर.