पीठबाईंची चूक

“फुंका! फुंका, फुंका, फुंका... अजून, अजून... सोडू नका!” टेक्निशियन असा काही ओरडत होता, की बाहेर बसलेल्यांना वाटावं आत मारामारी चाललीय. श्वास मोजायच्या नळीत फुंकता फुंकता बेकरीवाली लालबुंद झाली. पडद्यावरची रेघ अर्ध्यावर जाऊन आडवी झाली आणि ती खोकत खुर्चीत बसली.

पीठबाईंनी कागद हातात घेतला. दमा आणि ॲलर्जी विभागाच्या त्या प्रमुख. छत्तीस वर्षं शिकवण्यात, तपासण्यात आणि संशोधनात गेलेली. बेकरी कामगारांच्या दम्यावरचा त्यांचा निबंध बावीस वर्षांपूर्वी छापून आला, आणि तेव्हापासून दूरदूरचे डॉक्टर त्याचा हवाला देत होते. विद्यार्थी त्यांना पाठीमागे पीठबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

“हातावर पिठाचा अर्क टोचला तिथे बघा, केवढा फुगवटा आलाय. पिठाची ॲलर्जी आहे तुम्हाला. भट्टी सोडा.”

“सोडून काय करू?”

“दुसरं काहीही करा. पण पिठाला हात लावू नका.”

बेकरीवालीनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. “बाई, घरी दोन्ही वेळची कणीक मीच मळते. सहा माणसं आहेत खाणारी. तेव्हा साधी शिंक येत नाही मला. आणि दुकानात पिठाचं झाकण उघडलं की छाती भरते. तुमच्या पिठाला घर कुठलं नि दुकान कुठलं, हे कळतं होय?”

टेक्निशियननं हसू दाबलं. बाईंच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात पीठ जास्त उडतं, हवा कोंडलेली असते, असं काहीबाही त्यांनी सांगितलं. पण सांगताना त्यांचं त्यांनाच ते पटेना. त्या निबंधासाठी एकशे बारा बेकरीवाले तपासले होते, त्यातल्या एकेचाळीस जणांना धंदा सोडायला लावला होता. त्यातल्या एकानंही असं उलट विचारलं नव्हतं. बिचारे माना डोलावून गेले होते.

दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. जेवताना घास हातात तसाच राहायचा. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, “अगं, एवढं आहे तर जा ना, डोळ्यांनी बघून ये!” तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई बेकरीत हजर.

बेकरीवाली आधी चपापली, मग स्टूल पुसून पुढे केलं. आत भट्टीची धग, भिंतीला टेकवलेले काळे पत्रे, कोपऱ्यात कमरेएवढी लाकडी पेटी. तिचा नवरा त्यात पोतं रिकामं करत होता आणि ती नाकाला फडकं बांधून दाराशी उभी होती. पोतं संपल्यावर नवऱ्यानं फळीवरचा एक डबा उघडला आणि त्यातली पावडर वाटीनं पिठात टाकली.

“हे काय घातलंत?” बाईंनी विचारलं.

“पावडर आहे. पाव फुगतो, मऊ राहतो. एकदाच पेटीत मिसळून ठेवली की रोजची कटकट नाही.”

“सगळेच घालतात?”

“सगळे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून.”

पीठबाईंनी तो डबा हातात घेतला. “अगं बाई गं!” एवढंच तोंडून निघालं.

झालं होतं ते असं. हातावर चाचणी घ्यायची तर पिठाचा अर्क लागतो. त्या निबंधाच्या वेळी बाईंनी विचार केला होता, की आजार बेकरीवाल्यांचा, तर पीठही बेकरीतलंच हवं. मोठ्या हौसेनं त्यांनी एका बेकरीच्या पेटीतलं पीठ स्वतःच्या हातानं भरून आणलं होतं, आणि पुढे सगळ्या बाटल्या तशाच पिठाच्या केल्या. साधे गहू दळून आणावेत, हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. एखाद्या गृहिणीला सुचलं असतं. म्हणजे एवढी वर्षं सुया टोचल्या त्या पिठाच्या नव्हत्या, पीठ आणि पावडर दोन्हींच्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी बाई गव्हाची पिशवी घेऊन गिरणीत उभ्या राहिल्या. जातं आधी झाडून घ्यायला लावलं, समोर उभं राहून दळून घेतलं. एक बाटली नुसत्या पिठाची, एक पावडरीची. बेकरीवालीच्या हातावर शेजारी शेजारी दोन टोचण्या झाल्या. पंधरा मिनिटांनी पावडरीच्या जागी टरारून फुगलं आणि पिठाच्या जागी काही म्हणजे काही नाही.

पण हातावर उमटलं म्हणजे छातीनं मानलं असं होत नाही. मग काचेच्या बंद खोलीत तिला बसवलं. अर्धा तास या ताटातलं नुसतं पीठ त्या ताटात ओतत राहायचं, भरपूर उडवायचं, आणि संध्याकाळपर्यंत थोड्या थोड्या वेळानं फुंकायचं. काचेबाहेर बाई आणि टेक्निशियन औषधं घेऊन उभे. आत बेकरीवाली पांढरीफटक, भुवयांवरसुद्धा पीठ.

“फुंका!” या वेळी बाईच ओरडल्या.

रेघ चढली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, दुपारी, संध्याकाळी. एकदाही अडली नाही. “मॅडम, सकाळपेक्षाही वर!” टेक्निशियननं उडी मारली. बेकरीवालीनं आधी हसून घेतलं आणि मग पिठाळ हातांनी डोळे पुसत घळाघळा रडली. दुसऱ्या दिवशी त्याच पिठात चिमूटभर पावडर घातली, तर दहाव्या मिनिटाला छाती भरली. औषध लगेच दिलं. शंकेला जागाच उरली नाही. पावडरीचा डबा बेकरीतून गेला, पाव जरासा बसका झाला, आणि ती भट्टीपुढे उभी राहिली ती राहिलीच.

टेक्निशियन मात्र गंभीर झाला. “मॅडम, हे छापलं तर आपला जुना निबंध गेला.”

“आपला नाही, माझा. जाऊ दे.”

“तीन महिन्यांत तुमची निवृत्ती आहे. सत्कार ठरलाय.”

“मग त्याच्या आत छापून यायला हवं. लाग कामाला!”

छापून आलं. सत्काराच्या दिवशी बाई जेमतेम दहा मिनिटं बोलल्या, तेही आपल्या चुकीवरच. शरम वाटत होतीच, पण इतका आनंद त्यांना पहिल्या निबंधानंही दिला नव्हता. वीस वर्षं त्यांच्याशी भांडत आलेले एक प्राध्यापक, बाई व्यासपीठावरून खाली उतरल्यावर, म्हणाले, “बाई, आता मात्र मी हात टेकले.” बाई खळखळून हसल्या.

पण खरं काम अजून बाकी होतं. धंदा सोडायला लावलेले ते एकेचाळीस जण. जुन्या वहीतले पत्ते शोधून बाईंनी पहिला फोन लावला. माणूस आता एका कचेरीत लिफ्ट चालवत होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

“माझी चूक झाली,” बाई म्हणाल्या. “तुमची बावीस वर्षं गेली. ती मला परत देता येणार नाहीत. पण एकदा येऊन तपासून जाल का?”

“येतो,” तो म्हणाला.

तो आला तेव्हा दाढी केलेली, नखं कापलेली. बाह्या कोपरापर्यंत दुमडूनच काचेच्या खोलीत गेला. अर्धा तास या ताटातलं त्या ताटात. संध्याकाळच्या शेवटच्या फुंकरीला रेघ पार वर जाऊन थांबली. बाईंनी काचेचं दार उघडलं. “तुम्हाला पीठ चालतं. अगदी पहिल्यापासून चालत होतं.”

त्यानं मान हलवली, बाहेर मात्र आला नाही.

“जरा पाणी मिळेल?”

टेक्निशियन धावत जाऊन ग्लास घेऊन आला. मग त्या माणसानं पिठात बोटांनी खळगा केला, हळूहळू पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी कणीक मळायला लागला.