चाळीस जणांची एकच छाती

"छातीत हवा भरा, रोखून धरा," सोनल म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली. एक्स-रे मशीनची ट्यूब सकाळीच मेली होती.

ट्यूबच्या पोटात एक बारीक तार असते. ती तापून लखलखली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि हजारो व्होल्टच्या ओढीने समोरच्या टंगस्टनच्या चकतीवर आदळतात. बहुतेक ताकद नुसत्या उष्णतेत जाते, शंभरातला जेमतेम एक वाटा एक्स-रे होऊन बाहेर पडतो. तारच तुटली तर? चकती रिकामी गरगरते, बस्स.

हे तिने सेंटरच्या मालकाला, प्रितमशेठला, समजावलं होतं. ऐकून तो कोपऱ्यात पचकन थुंकला. "लूम कंपनीच्या चाळीस कामगारांचे मेडिकल आजच द्यायचे हायेत. तू बटण दाब, बीप वाजू दे." बीपची वायर त्याने वेगळी जोडून घेतली होती. मेल्याची अक्कल चालायची ती अशा ठिकाणी!

एकोणचाळीस माणसं उघड्या छातीने फळीला चिकटून, श्वास रोखून गेली. शेवटी आले दिघाशी गावचे दामूकाका, तिच्या वडलांबरोबर एकाच कारखान्यात राबलेले. खोकून त्यांनी रुमाल घाईने खिशात कोंबला.

"सोने, फोटो नीट काढ गं. महिनाभर रगत पडतंय, घरी कोणाला सांगितलं न्हाय. काय हाय ते एकदाचं कळू दे."

तिने बटण दाबलं. बीप वाजली.

बाहेर प्रितमशेठने पाकिटं तयारच ठेवली होती. दामूकाकांच्या नावाची फिल्म तिने उजेडात धरली. गळ्याजवळचं डावं हाड वाकडं जुळलेलं, लहानपणी पडून मोडलेलं तिचंच; खाली बाईच्या छातीच्या दोन गोल सावल्या. मशीन बसवलं त्या दिवशी चाचणीसाठी ती स्वतःच उभी राहिली होती. बाकीच्या पाकिटांतही त्याच फिल्मच्या प्रती. चाळीस पुरुषांच्या पाकिटांत या नालायकाने तिची छाती घातली होती!

"शेठ, ही मी हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मग? फुप्फुसं साफ हायेत ना? कंपनीला साफच पायजे."

शेठने फिल्म पाकिटात सारून पुढे केली. दामूकाकांनी पाकीट कपाळाला लावलं. "साफ हाय म्हंजे सुटलो, बाय."

सोनलने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "काका, तुमचा फोटो काढलाच न्हाय. मशीन बंद हाय. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चला, मी येते."

दामूकाका मशीनच्या खोलीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"पण सोने," ते म्हणाले, "श्वास रोखायला तर तूच सांगितलंस."