आधी रडणं, मग वर्गणी

माझं रडणं आमच्या सरोवराकाठी नावाजलेलं. मी मयताला गळा काढला की पाणघोडे पाण्याबाहेर येऊन माना खाली घालून उभे राहतात. खोटं वाटत असेल तर पाणघोड्यांना विचारा.

तर एकदा आमच्या बायकांच्या भिशीत निरोप आला. डोंगरापलीकडची रिस्पा म्हातारी वारली, घरात दमडी नाही, दुपारच्या आत या नंबरवर मदत पाठवा. भिशीचे शिलिंग माझ्या फोनातल्या खात्यात. त्यातून यंदा आमच्यातल्या अपोंडीच्या घरावर पत्रे चढायचे होते. आणि तीच सगळ्यांत आधी विरघळली.

"आजी, पाठव गं! माझे पत्रे थांबतील, मयत थांबत नाही."

"आधी जाऊन रडते, मग पाठवते."

"काय चिकट बाई आहे! लोक तोंडात शेण घालतील."

घालू देत. खरं सांगू? मला संशयबिंशय काही नव्हता. मयताला बैल कापतात आमच्याकडे. पैसे घरबसल्या पाठवले, तर जायला निमित्त काय उरणार? मी चांगला मोठा डबा घेतला आणि निघाले.

रीतीप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडला. "सोडून गेलीस गं बाई!" अंगणात एक म्हातारी मासळी वाळत घालत होती. तिनं सूप टाकलं, माझ्या गळ्यात पडली आणि माझ्याहून मोठ्यानं रडायला लागली. मला रागच आला. माझ्यापुढे एवढा आवाज? मग मीही चढवला. दोघींचे घसे बसले तेव्हा तिनं नाक पुसत विचारलं, "पण बाई, गेलं कोण?"

"रिस्पा."

"रिस्पा तर मी!"

"मग तूच गेलीस."

"अगं, मला कुणी कळवलंच नाही!"

तिच्या लेकानं फोनातला निरोप वाचला. नंबर त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. रिस्पा तापली. "मुडद्यांनी माझ्या नावावर मागितले किती?"

"एका बैलापुरते."

"एकच? माझ्या मयताला एकच बैल?"

तिनं मला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि तळलेली मासळी पोटभर वाढली. बैल काही दिसला नाही.

अपोंडीच्या घरावर पत्रे चढले. बायका माझ्याभोवती जमल्या. "आजी, तुला कसं गं कळलं?"

"अनुभव," मी म्हटलं, आणि रिकामा डबा पाठीमागे सरकवला.

आता मदतीचा कुठलाही निरोप आला की आधी मला रडायला धाडतात. डबा मी अजून नेतेच.