थोरलीची खरी गोष्ट

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोघी जावा एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना इस्त्री करायच्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीची बोटं वाफेनं पार कामातून गेली होती. कप धरायलाही दोन हात लागायचे. वरच्या मजल्यावर चादरींच्या काउंटरवर जागा रिकामी होती. तिथे खुर्ची होती, फोन होता आणि फोनवर सगळे इंग्रजीत बोलत. इंग्रजी आलं तर हात वाचणार होते.

हॉस्पिटलनं इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला, तोही ड्युटीच्याच वेळात.

"तुम्ही जा जाऊबाई, तुमची इस्त्री मी सांभाळते," धाकटी म्हणाली. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर ती दोन इस्त्र्यांमध्ये धावत राहायची.

शिकवणाऱ्या मॅडम भारी उत्साही. उत्साही माणसं जगाचं किती वाटोळं करतात, हे कुणी लिहून ठेवत नाही. शेवटच्या तासाला प्रत्येकानं अंगावर घडलेली खरी गोष्ट तीन मिनिटं सांगायची, असा त्यांचा नियम होता. चुका त्या काढणार नव्हत्या, फक्त मोबाइलवर रेकॉर्ड करणार होत्या.

थोरली 'माझं कुटुंब' घोकून आली होती. दुसऱ्याच वाक्याला मॅडमनी हात वर केला. "हे पाठ केलंय. खरं सांगा, हसू येईल असं."

मग जे ताजं होतं तेच थोरलीच्या तोंडातून निघालं. मागच्या शुक्रवारी धाकटी एका इस्त्रीकडून दुसरीकडे पळाली, तेवढ्यात पहिलीखाली ऑपरेशनचे गाऊन करपले. दोघींनी ते चिंध्यांच्या पोत्यात तळाशी कोंबले आणि वास जाईना म्हणून फिनेल शिंपडलं. सुपरवायझर आला आणि नाक वर करून म्हणाला, वा, आज काय स्वच्छता! थोरलीनं ते नाकसुद्धा करून दाखवलं. वर्ग पोट धरधरून हसला. जन्मात पहिल्यांदा तिनं परक्या भाषेत माणसं हसवली होती, आणि ती हवेत तरंगतच खाली लाँड्रीत आली.

"टाळ्या पडल्या गं!"

"कशावर बोललात?" धाकटीनं विचारलं.

"असंच. घरचं."

वर्ग पुढे चालू राहावा म्हणून मॅडमनी ते रेकॉर्डिंग मोठ्या साहेबांना ऐकवलं. साहेबांनी दोनदा ऐकलं, उच्चारांचं कौतुक केलं आणि चिंध्यांची पोती उपसायला माणूस धाडला.

सोमवारी थोरलीला काउंटर मिळालं. खरं बोलणारी माणसं आम्हाला हवीत, असं साहेब म्हणाले. ती खुर्चीत नीट टेकते न टेकते तोच पहिला फोन वाजला, साहेबांच्याच केबिनमधून. त्यांना खालच्या लोकांची भाषा येत नव्हती, दुभाषी हवी होती.

केबिनमध्ये धाकटी उभी होती. कोपऱ्यात मॅडम बसल्या होत्या, कौतुकानं; त्यांनाही ती भाषा कळत नव्हती.

साहेब बोलले. थोरलीनं शब्दन् शब्द सांगितला: गाऊन जाळलेस, लपवलेस, उद्यापासून यायचं नाही.

धाकटी थोरलीकडे वळली. "कुणी सांगितलं यांना? विचारा ना, जाऊबाई."

थोरलीनं विचारलं, अगदी स्वच्छ इंग्रजीत. साहेब चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हीच की," ते म्हणाले.

विनंती कशी करायची, हे सहाव्या तासाला झालं होतं. कृपया पुन्हा विचार करा, चूक माझीही आहे, तिला एक संधी द्या. सगळी वाक्यं थोरलीला तोंडपाठ होती. तिनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"ते म्हणतात, नाव सांगता येत नाही."

मॅडमनी मान डोलावली. मघाच्या इंग्रजी प्रश्नाचे उच्चार सुरेख होते.

दाराबाहेर धाकटीनं डोळे पुसले आणि थोरलीचे दुखरे हात अलगद हातात घेतले.

"बरं झालं जाऊबाई, तुम्ही होतात. नाहीतर मला मेलीला काही कळलंच नसतं."