अनंताचं पहिलं फूल

आबाजींच्या बोटांची दुर्गाबाईंना शिसारी यायची.

पहाटे आंघोळ उरकून, ओल्या पंच्यानं, हातात वेताची परडी घेऊन शेजारचे आबाजी क्वार्टरांच्या ओळीतून निघायचे. ओठांवर स्तोत्र. मध्येच स्तोत्र थांबवून ते नाक शिंकरायचे, बोटं पंच्याला पुसायचे आणि त्याच बोटांनी लोकांची फुलं तोडायचे. तोडायचे कसले, देठ पिरगाळायचे. कुणाची तगर, कुणाची जास्वंद, काही मागेपुढे बघायचं नाही. देवाला फुलं न्यायची तर मालकाला विचारायचं नसतं, असा तेव्हा साऱ्या वसाहतीचा समज होता. बायका दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. वर हात जोडायच्या.

पिंपरीचा कारखाना तेव्हा नवा होता. क्वार्टरांच्या भोवती नुसता माळ. खोऱ्याखाली मुरूम खणखणायचा. रंगरावांना तिथं फिटरची नोकरी लागली आणि दुर्गाबाई राजापुराकडचं हिरवंगार परसू सोडून या माळावर आल्या. पहिले काही दिवस त्यांना जेवण गोड लागेना. मग त्या उठल्या, पहारीनं अंगणातला मुरूम फोडला, पवनेच्या काठचा गाळ घमेल्यानं वाहून आणला. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, पावसात तेरडा. स्वयंपाकघराच्या खिडकीत डालड्याच्या डब्यातून पानओवा आणि गवती चहा. संध्याकाळी शिफ्ट सुटली की माणसं मुद्दाम त्यांच्या कुंपणावरून वाट वाकडी करून जायची.

पण जीव होता तो कोपऱ्यातल्या अनंतात. दुर्गाबाईंची आई गेली तेव्हा त्यांनी माहेरच्या परसातून एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आईचा एक रिवाज होता. अनंताचं पहिलं फूल कुणी तोडायचं नाही. देवालाही नाही, वेणीलाही नाही. ते झाडाचं. पांढरं उमलून, पिवळं पडून, झाडावरच वाळायचं. दुर्गाबाईंना ते एकदा इथं, या माळावर बघायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

दोन उन्हाळे कळ्या आल्या आणि दोन्ही उन्हाळे आबाजींच्या परडीत गेल्या. हिरवट, घट्ट मिटलेल्या. तिसऱ्या वर्षी दुर्गाबाई पहाटेच कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"आबाजी, कळ्या आहेत हो त्या. उमलू तरी द्या."

"देवापुढं उमलतील, वहिनी. इथं उमलून कुणाच्या कामाच्या?"

"माझ्या."

आबाजी हसले. भात फडफडीत झाला नाही म्हणून रडणाऱ्या नव्या नवरीला हसावं, तसं. आणि त्यांच्या देखत एक कळी पिरगाळून गेले. तुटलेल्या देठाशी शेंबडाचा चकचकीत पट्टा होता. त्या दिवशी सकाळचा चहा दुर्गाबाईंना गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका जमल्या होत्या. आबाजीही सोवळ्याची घागर भरायला आलेले. दुर्गाबाई हंडा लावता लावता मोठ्यानं म्हणाल्या, "आमचा अनंत काय उगाच फोफावलाय? गेल्या वर्षापासून मासे धुतलेलं पाणी घालते मी. बांगडा मिळत नाही इथं, पण नदीची मरळसुद्धा चालते बरं झाडाला. पानापानावर शिंपडते."

नळावर कुणीतरी फुस्सकन हसलं. आबाजींची घागर कलंडली. "माझ्या शाळिग्रामावर... मरळ!" एवढंच बोलले आणि तसेच घरी पळाले. दिवसभर त्यांच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, देवघर तीनदा धुतलं म्हणे.

त्यानंतर परडी दुर्गाबाईंच्या कुंपणाशी थांबली नाही. अनंतावर कळ्या राहिल्या. एक तर चांगली फुगली, टोकाशी पांढरी दिसू लागली. दुर्गाबाई येता जाता तिला बघायच्या, हात मात्र लावायच्या नाहीत.

आणि मग पानांच्या कडा करपू लागल्या. आधी वाटलं, वैशाखाचं ऊन आहे. त्यांनी गोणपाटाची सावली केली, पाणी वाढवलं. पानं पिवळी पडून गळू लागली. बुंध्याशी वाकलं की नाकात एक आंबूस, उग्र भपकारा शिरायचा. खत कुजलंय की काय म्हणून त्यांनी माती उकरून बघितली. कळेना.

कळलं ते गोजाबाईकडून. गोजाबाई जुन्या पिंपरी गावातली, वसाहतीत दूध घालायची. चरवी उतरवून म्हणाली, "तुमच्या शेजारच्यांचं काय वं हे दुर्गाबाई? दूध अर्धा शेर आन् गोमूत्र तांब्याभर. रोज. म्हटलं, पितात का काय!"

"रोज?"

"व्हय. आमची गाय बी लाजाया लागली."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्गाबाई दाराआड उभ्या राहिल्या. आबाजी आले. स्तोत्र म्हणत त्यांनी अख्खा तांब्या अनंताच्या बुंध्याशी ओतला, उरलेलं पानांवर शिंपडलं.

"काय करताय हे?"

"शुद्ध करतोय, वहिनी," आबाजी अगदी प्रेमानं म्हणाले. "तुमच्या अज्ञानानं विटाळलं बिचारं. अमावास्येपर्यंत झालं की देवाला चालेल."

"अहो, पाणी न घालता नुसतं मूत ओतलंत? मुळं जळली त्याची!"

"गोमूत्रानं कधी काही जळतं का?" ते दुखावल्यासारखे झाले. "तोंड आवरा जरा."

फुगलेली कळी त्याच दुपारी गळून पडली. आठवडा संपायच्या आत झाड उभं वाळलं. दुर्गाबाईंनी ते उपटलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत होऊन हातात आली. आबाजी कुंपणाशी येऊन म्हणाले, "देवाची इच्छा." दुर्गाबाईंना खरोखरच ओकारी आली. मोरीशी जाऊन त्या ओकल्या.

पण आदल्या श्रावणात त्यांनी अनंताची एक फांदी डालड्याच्या डब्यात लावून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, पानओव्यामागं. ती जगली होती. हे त्यांनी रंगरावांखेरीज कुणाला सांगितलं नाही. पावसात डबा मागच्या ओट्यावर, थंडीत उन्हाच्या बाजूला, उन्हाळ्यात माठाच्या गारव्याशी. पुढच्या ज्येष्ठात, डबा पुन्हा खिडकीत आल्यावर, त्या वीतभर रोपट्यावर एकच कळी धरली आणि एका सकाळी उमलली. घर वासानं भरलं.

वास भिंतीपलीकडं गेलाच. दुपारी मागच्या दारानं यशोदाबाई आल्या. किती तरी वेळ डब्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या.

"घरी रोज परडीभर फुलं येतात," त्या हळूच म्हणाल्या. "उमललेलं एक बघत नाही मी. निर्माल्य तेवढं बघते."

त्यांचा अंबाडा बोडका होता. दुर्गाबाईंच्या ते आजवर ध्यानातच आलं नव्हतं. आईचा रिवाज बाजूला ठेवून त्यांनी फुलाकडं हात नेला. यशोदाबाईंनी तो मधेच धरला.

"नको हो. राहू दे झाडावर. उद्या परत बघायला येईन."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही. फूल पांढऱ्याचं साईसारखं झालं, मग लोण्यासारखं, मग हळदीसारखं पिवळं. दोघी डब्याशेजारी बसून चहा प्यायच्या.

फूल तपकिरी पडू लागलं त्या सकाळी खिडकीशी सावली आली. बाहेरून दोन हातांनी गज धरून आबाजी आत डोकावत होते.

"अरेरे! वाया घालवलंत, वहिनी. वेळेवर देवाला तरी..."

त्यांना शिंक आली. त्यांनी ती तळहातात घेतली आणि हात पुन्हा गजावर ठेवला.

दुर्गाबाईंनी डबा उचलून आतल्या फळीवर ठेवला. खिडकीची दारं त्यांच्या तोंडावर लावून घेतली. पावलं लांब गेल्याची खात्री झाल्यावर त्या चुलीतली राख आणि काथ्या घेऊन बाहेर गेल्या आणि खिडकीचा एकेक गज, बोटं लागली होती तिथून, घासत बसल्या.