देवीआधीचे तीन घास

केतकीने सासूला नवा भात भरवला तो भाद्रपदातल्या तृतीयेच्या दुपारी. चतुर्थीच्या पहाटे म्हातारी गेली, आणि पंचमीला नुआखाई होती, नवं धान खाण्याचा सण.

अंग नदीच्या काठच्या त्या गावात वर्षाचा मोठा सण हाच. शेतातलं पहिलं धान आधी देवीला, मग पितरांना, मग माणसांना. तोवर नव्या तांदळाचा दाणा कुणी जिभेवर ठेवायचा नाही, मग तो कितीही लहान असो की आजारी. केतकीचा नवरा निराकार प्रधान बारा घरांच्या भावकीतला थोरला पुरुष. देवघरातला नैवेद्य त्याच्या हातचा, आणि पहिला घासही त्याचाच. तो या बाबतीत फार कडक होता. ते त्याला शिकवलं होतं त्याच्या आईनेच. पाच वर्षांचा असताना त्याने बांधावर उभं राहून एक लोंबी चघळली, तेव्हा बसुमतीने त्याच्या गालफडात बोट घालून दाणे बाहेर काढले होते.

तीच बसुमती आता चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन ओसरीवरच्या खाटेला खिळली होती. आठवडाभर पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तृतीयेच्या सकाळी माळाच्या बाजूने वारा आला आणि तिने डोळे उघडले.

"निरू, साठीचं धान पिकलं ना रे? वास येतोय."

"पिकलं, मा."

"दोन दाणे शिजवून दे मला. पंचमीपर्यंत मी काही राहत नाही."

निराकार खाटेशी बसला. "मा, दोन दिवसांचा तर प्रश्न. देवीच्या आधी कसं देऊ? तूच सांग."

म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. निराकार थोडा वेळ तिच्या पायांवरून हात फिरवत राहिला, आणि मग मुहूर्त ठरवायला देवळात बैठक होती तिकडे गेला.

केतकी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तेवीस वर्षं या बाईच्या हाताखाली काढलेली. सासूने तिला बोल लावले होते, तसं बाळंतपणात स्वतःच्या हाताने न्हाऊ-माखूही घातलं होतं. केतकी उठली, विळा घेतला, मागच्या दाराने माळावर गेली आणि साठ दिवसांत पिकणाऱ्या त्या धानाच्या मूठभर लोंब्या कापून पदरात लपवून आणल्या. दाणे अजून हिरवट होते. तळहातावर चोळून तिने तूस काढलं, छोट्या तपेलीत गुरगुट्या भात केला. म्हातारीने तीन घास खाल्ले. चौथ्याला मान हलवली.

"मीठ कमी पडलंय गं," ती म्हणाली. मग जरा दम घेऊन, "निरूला सांगू नकोस. त्याच्या जिवाला लागेल."

आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळं संपलं.

सुतक बाराही घरांना. रायपूरहून, सुरतेहून आलेली पोरं सणाचे नवे कपडे ट्रंकेत तसेच ठेवून परत गेली. पंचमीला सगळ्या गावात ढोल वाजला, पण प्रधानांच्या आळीत नुसता साधा स्वयंपाक झाला. यांची नुआखाई दसऱ्याच्या आधी, भटजी सांगेल त्या दिवशी करायची असं ठरलं.

दहाव्याला तलावावरून परतताना लवंग काकी, म्हणजे निराकारच्या चुलत्याची विधवा आणि आता आळीत सगळ्यांत वडील, बायकांत मोठ्याने म्हणाली, "एक दिवस अलीकडे जावी म्हणजे काय? देवीने दारातून ताट परत नेलं. या घरात काहीतरी बाटलंय."

केतकी घागर घेऊन दोन पावलं मागे राहिली. रस्ताभर तिला काकीच्या पाठीकडे बघवेना.

त्या दिवसापासून ती मनातल्या मनात हिशेब लावत राहिली. हिरवं धान, आठ दिवसांचं रिकामं पोट, वर देवीचा मान मोडलेला. आपणच म्हातारीला मारलं, असं तिला कधी वाटे. कधी वाटे, मरणाऱ्याच्या तोंडी दोन दाणे घातले, त्यात काय पाप? पण मग इतकी वाईट गोष्ट नव्हती तर सांगवत का नाही?

आणि सांगायला हवं होतं, कारण निराकार तिच्या डोळ्यांसमोर झिजत होता. त्याने भात सोडला होता. दोन्ही वेळ नाचणीची पेज घ्यायचा. एकदा तिने ताटात भात वाढला तर त्याने ताट सरकवलं.

"आईने दोन दाणे मागितले होते. मी नाही म्हटलं. आता कुठल्या तोंडाने खाऊ?"

"तुम्ही रीतीने वागलात, मिनतीचे बापा," लेकीच्या नावाने त्याला हाक मारत ती म्हणाली.

"रीत तिनेच शिकवली होती. तिला ती मोडावीशी वाटली तर मी कोण होतो?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण तिला काकी आठवली, बारा घरांतल्या बायका आठवल्या. 'सासूने सांगू नकोस म्हटलंय,' असं स्वतःला बजावून ती ताट उचलून आत गेली. बसुमतीने ते लेकाला जपायला सांगितलं होतं. केतकी आता त्या शब्दांआड स्वतःला जपत होती, आणि हे तिला पक्कं कळत होतं.

आश्विनातला दिवस ठरला. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त. अंगण सारवलं, बाराही घरची माणसं पूर्वेकडे तोंड करून ओळीने बसली. निराकारने देवघरात नैवेद्य दाखवला, पितरांना वाढलं, आणि मग एकेकाच्या हातातल्या कुड्याच्या पानावर दूध-मधात कालवलेला नवा तांदूळ ठेवत शेवटी आपल्या जागी आला. त्याने आपलं पान खाली ठेवलं.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "मी यापुढे नुआ खाणार नाही."

थोरल्याने खाल्ल्याशिवाय कुणाला खाता येत नव्हतं. धाकटा भाऊ पुरंदर हळूच म्हणाला, "ददा, मुहूर्त निघून जाईल. लेकरं बसलीत."

"आईला उपाशी पाठवलं मी."

"नाही पाठवलं," केतकी म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढचं तिने खाली बघून सांगितलं. लोंब्या कापल्या तिथपासून मीठ कमी पडलं तिथपर्यंत.

एका पोराच्या हातातल्या पानातून दूध टपटपत होतं.

"किती खाल्लं?" निराकारने विचारलं.

"तीन घास."

"गिळता आलं तिला?"

"आलं. स्वतः तोंड उघडत होत्या."

निराकारने पान उचललं, कपाळाला लावलं आणि खाल्लं. खाताना त्याची दाढी भिजत होती, पण त्याने ती पुसली नाही. मग बाकीच्यांनी खाल्लं.

खाणं झाल्यावर लहानांनी थोरांच्या पाया पडायचं, वर्षभराचं उणंदुणं तिथेच सोडायचं. केतकी लवंग काकीसमोर वाकली तेव्हा काकीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"माझ्याकडे नको येऊस. माझे दोन नातू पार सुरतेहून येऊन उपाशी परत गेले तुझ्यापायी."

केतकीने जमिनीलाच हात लावून नमस्कार केला आणि नवऱ्यापुढे वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता.

"भरवलंस ते बरं केलंस," तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "पण महिनाभर मी नाचणी गिळत होतो, आणि तू वाढत होतीस."

पाप कुठलं, हे केतकीला आता नेमकं कळलं, आणि ते देवीजवळ फेडण्यातलं नव्हतं.

दुपारी पंगत बसली. निराकारने भात दोनदा मागून घेतला. बायका बसल्या तेव्हा काकीने आपलं पान केतकीच्या शेजारून उचलून दुसऱ्या ओळीत नेलं. ती मोकळी जागा तशीच राहिली. केतकीने भात कालवला आणि पानावरून नजर न उचलता ती सगळ्यांत शेवटी जेवली.