अकरा सेंटिमीटर पुढे

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी आमच्या अंगणात एक काँटेसा, तिच्या चार चाकांपुढे चार लिंबं, बंपरला बांधलेले केळीचे दोन खुंट, झेंडूच्या तीन माळा, एक कोहळा आणि चार माणसं होती. चारांपैकी माझी आत्या कौशल्या गाडीत, मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती. तिला बसवायला चार मिनिटं लागली, कारण एकाच बाजूचं दार उघडतं. दुसऱ्या बाजूला भिंत आहे.

अंगणाची लांबी चार मीटर सत्तर. गाडीची चार मीटर एकोणसाठ. हे मी गाडी घरी आल्यावर मोजलं. आधी मोजायला हवं होतं, असं आई अजून म्हणते. गाडी आत आली की फाटक लागत नाही, म्हणून मार्चमध्ये त्याची दोन्ही दारं काढून गच्चीवर नेऊन ठेवली. तेव्हापासून जयनगरच्या गाईंनी आईचा मोगरा तीनदा खाल्ला आणि कढीपत्ता एकदाच, पण पूर्ण.

दुसरी बाजूही आहे. आत्याला घरात सगळे अक्का म्हणतात. ऑपरेशननंतर अक्काचा उजवा गुडघा वाकत नाही. ऑटोत ती मावत नाही, बसची पायरी तिला चढवत नाही. काँटेसाच्या मागच्या सीटवर मात्र ती पाय सरळ ठेवून बसू शकते. तिची धाकटी बहीण विठाबाई आनेकलला असते आणि आजारी नवऱ्याला सोडून तिला कुठे जाता येत नाही. दोघींची तीन वर्षं गाठ पडली नव्हती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी घेतली ती अक्काला तिकडे नेण्यासाठी.

सात महिन्यांत गाडी आनेकलला एकदाही गेली नाही. एवढी लांब गाडी गल्लीतून मागे काढायची अण्णांना धास्ती वाटे. दर रविवारी काहीतरी निघायचं. शेवटी आईने ठरवलं: नवमीपर्यंत अक्का आनेकलला गेल्या तर गाडी राहील, नाहीतर होसकोट्याचे नरसिंहराव दसऱ्याला ती विकत घेऊन जातील. नरसिंहरावांना तिने नवमीच्या सकाळी दहाला गाडी बघायला बोलावूनही ठेवलं. आई पुण्याची आहे. ती नुसतं बोलून थांबत नाही.

पूजा साडेनऊला झाली. अण्णांनी रस्त्यावर कोहळा फोडला, हात धुतले आणि स्टिअरिंगवर बसून रिव्हर्स टाकला.

"खंडोजी," अक्का मागून म्हणाली, "मागं कुठं चाललास?"

"मग कुठं जाऊ? पुढं पायरी आहे."

"पूजा झाल्यावर गाडी आधी पुढं जाते. लिंबावरनं. बाबांची सायकल तशीच गेली, तुझी स्कूटर तशीच गेली."

अण्णांनी इंजिन बंद केलं. गाडीचं तोंड पूर्वेला हवं, हेही अक्कानेच सांगितलं होतं, आणि आमच्या अंगणात पूर्वेला घर आहे. स्कूटरची पूजा रस्त्यावर व्हायची, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नव्हता.

"आमच्याकडे खंडेनवमीला गाडीला हार घालतात आणि लोक कामाला जातात," आई म्हणाली. "अहो, काढा मागे."

"स्वल्प थांब, शुभदा. आजच्या दिवशी मागं काढून निघालो आणि वाटेत काही झालं तर अक्का जन्मभर बोलेल."

"जन्मभर कशाला," अक्का म्हणाली. "मी उतरतेच. उघडा दार."

ती खरंच उतरली असती, आणि मग आईच्या अटीप्रमाणे गाडी गेली असती. तिने पिशवीतून विठाबाईसाठी केलेल्या चकल्यांचा डबा बाहेर काढून सीटवर ठेवला होता. त्याच्या झाकणावरून तिचा हात हलत नव्हता.

मी टेप आणली. बंपर आणि पायरी यांमध्ये अकरा सेंटिमीटर होते. चाकाची त्रिज्या तीस, लिंबाचा व्यास चार पूर्णांक दोन. चाक लिंबाच्या बरोबर वर यायला गाडी सोळा सेंटिमीटर पुढे जायला हवी होती.

"जात नाही," मी म्हणाले.

"फिजिक्स शिकवलं त्याचा हा उपयोग," अण्णा म्हणाले.

"अक्का, लिंबू पूर्ण चिरडायला हवं, की फुटलं तरी चालतं?"

अक्काने जरा विचार केला. "रस जमिनीला लागला की झालं. साल कोण बघतंय."

स्वयंपाकघरातून पाचवं लिंबू आणून मी दोन पाटांमध्ये धरलं, वरच्या पाटावर हळूहळू भार दिला आणि शेजारी पट्टी उभी केली. जाडी दोन पूर्णांक सहा झाली तेव्हा ते फुटलं. त्यावरून हिशेब केला तर गाडी साडेतीन सेंटिमीटर सरकली तरी पुरे होतं. लिंबू घसरलं तर थोडं जास्त.

तेवढ्यात नरसिंहराव आले. पांढरा सफारी, हातात टॉर्च. इंजिनात बघायला आणला असावा. आईने त्यांना पाणी दिलं आणि काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगितलं. ते न हसता गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"इंजिन लावू नका," ते म्हणाले. "क्लच सुटला तर पायरीवरच जाल. हातानं ढकलू. मी धरतो मागनं."

"तुम्ही गाडी घ्यायला आलात ना?" अण्णांनी विचारलं.

"घ्यायलाच आलो. पण पूजा अर्धी टाकलेली गाडी कोण नेईल?"

अण्णा ब्रेकवर पाय ठेवून बसले. नरसिंहराव आणि आई मागून ढकलायला लागले. मी पायरीशी पट्टी धरून आकडे सांगत होते. तीनला पुढचं डावं लिंबू फुटलं. चारला पुढचं उजवं. पाचला मागचं उजवं, मोठा आवाज करून. मागचं डावं घसरत घसरत चाकाच्या पुढेच राहिलं. नऊला मी थांबा म्हणाले. डाव्या बाजूचा केळीचा खुंट पायरीजवळच्या खांबाला टेकून वाकला होता.

"तीन फुटली," मी सांगितलं. "चौथं दबलंय, पण अख्खं आहे."

"चाराचं तीन कसं चालेल?" अक्का आतून म्हणाली.

"आणखी ढकलू का?" नरसिंहरावांनी विचारलं.

"दोनच सेंटिमीटर उरलेत. त्या चाकावर वजन हवं."

मी आणि नरसिंहराव, दोघांनीही आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?"

"वहिनी, मी बसलो असतो," नरसिंहराव म्हणाले, "पण अक्कांच्या शेजारी मी कसा बसू?"

आईने साडीला हात पुसले. दार उघडून ती आत शिरली. बसायला जागा नव्हती, म्हणून तिने अक्काचा सरळ पाय दोन्ही हातांनी उचलला, खाली सरकली आणि तो आपल्या मांडीवर घेतला. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. मी वाकून बघितलं. फरशीवर रस होता.

"झालं?" अक्काने विचारलं.

"झालं."

"सरी, ठीक आहे. मग काढ आता मागं, खंडोजी."

नरसिंहराव गल्लीत उभे राहिले आणि टॉर्च हलवून अण्णांना दिशा देत गेले. सकाळचे सव्वादहा वाजले होते, पण टॉर्च चालूच होता. गाडी तीन झटक्यांत रस्त्यावर आली. ते खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, मग मी उद्या येऊ का?"

आईने खाली अक्काच्या पायाकडे बघितलं. पाय अजून तिच्या मांडीवरच होता.

"उद्या दसऱ्याला जेवायला या. गाडी दुसरी बघा. आणि फाटकाचा कुणी लोहार ओळखीचा असेल तर सांगा, बाहेर उघडणारं फाटक करून घ्यायचंय."

मी पुढे अण्णांशेजारी बसले आणि मीटरचा आकडा लिहून घेतला. घरापासून विठाबाईच्या दारापर्यंत छत्तीस पूर्णांक चार किलोमीटर. वेळ एक तास बावीस मिनिटं. अक्काच्या पायासाठी थांबावं लागलं: शून्य वेळा.